भिंत, बोगदा आणि वाटाड्या

आजचा विषय यंत्रांचा आहे, पण तो केवळ यंत्रज्ञांचा नाही. किनवटसारख्या तालुक्याच्या गावी पेढीच्या खिडकीशी ‘आज लिंक नाही, उद्या या’ हे वाक्य ऐकून परत फिरणाऱ्या प्रत्येक माणसाचा तो विषय आहे. मोठ्या शहरातील माणसाला या वाक्याचा फारसा जाच होत नाही. तो चहा घेऊन तासाभराने पुन्हा येतो. परंतु डोंगरातील एखाद्या गोंड-कोलामांच्या गुड्यावरून किंवा बंजाऱ्यांच्या तांड्यावरून जी म्हातारी निराधार योजनेचे पैसे घ्यायला येते, तिची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडेही वाया जाते. ‘उद्या या’ हे दोन शब्द तिला फार महाग पडतात. म्हणून ही ‘लिंक’ म्हणजे काय, ती तुटते कशी, आणि तुटली तरी काम अडू नये यासाठी काय करता येते, याचा विचार आज आपण करू.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका सहकारी पतसंस्थेचे मुख्य कार्यालय नांदेडला आहे आणि तिची एक शाखा किनवटला आहे. सर्व खाती नांदेडच्या संगणकावर आहेत. किनवटच्या शाखेत कोणी पैसे काढू लागला की प्रश्न शंभरावर किलोमीटर दूर नांदेडला जातो आणि उत्तर परत येते. किनवटहून नांदेडला जाणाऱ्या तारा दोन आहेत असे धरू. एक जमिनीखालून गेलेली काचतंतूची, आणि दुसरी प्रत्यक्षात तार नसून मोबाइल कंपनीची बिनतारी जोडणी. काचतंतू जलद, मोबाइल मंद. पण रस्ता रुंदीकरणाच्या कामात खोदयंत्राचा दात लागला की काचतंतू तुटतो, आणि मोबाइल तेवढा उरतो.

भिंत आणि बोगदा

या दोन्ही वाटा सार्वजनिक आहेत. इंटरनेट हा हमरस्ता आहे. त्यावरून कोणीही जावे, कोणीही पाहावे. पतसंस्थेच्या खातेवह्या अशा रस्त्याने उघड्या पाठविणे शक्य नाही. म्हणून दोन योजना कराव्या लागतात.

पहिली योजना भिंतीची. तिला फायरवॉल म्हणतात. निजामी राजवटीत करोडगिरीचे नाके असत, हे जुन्या मंडळींना ऐकून ठाऊक असेल. आलेला माल कोठून आला, कोठे चालला, त्यात काय आहे, हे पाहून मगच नाकेदार तो पुढे सोडी. फायरवॉल हा असाच नाका होय. शिवाय हा नाकेदार स्मरणशक्तीचा पक्का असतो. आतून बाहेर गेलेला प्रत्येक प्रश्न तो टिपून ठेवतो आणि त्या प्रश्नाचे उत्तर असेल तरच बाहेरचा माल आत येऊ देतो. हा गुण ध्यानात ठेवावा. पुढे याच गुणामुळे एक अडचण उभी राहणार आहे.

दुसरी योजना बोगद्याची. किनवटचा फायरवॉल आतले पत्र घेतो, ते गुप्त लिपीत बदलतो, मोहोरबंद पिशवीत घालतो आणि पिशवीवर नांदेडच्या फायरवॉलचा पत्ता लिहून ती हमरस्त्यावर सोडतो. वाटेतील लोकांना पिशवी दिसते, पत्र दिसत नाही. नांदेडला पिशवी उघडते आणि पत्र योग्य टेबलावर जाते. या व्यवस्थेला व्ही.पी.एन. म्हणतात, आणि पिशवी शिवण्याच्या सर्वमान्य रीतीला आयपीसेक असे नाव आहे. तिची पहिली प्रमाणपत्रके १९९५ साली प्रसिद्ध झाली. दोन टोकांनी कुलूपकिल्ली कशी ठरवावी याची आज रूढ असलेली सुधारित रीत २००५ सालची आहे.

यादीचा बोगदा आणि दाराचा बोगदा

बोगदा खोदण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि आजच्या विषयाची किल्ली या भेदात आहे.

जुनी पद्धत यादीची. फायरवॉलला सांगून ठेवायचे की ‘अमुक पत्त्यांवरून तमुक पत्त्यांकडे जाणारे पत्र दिसले की ते पिशवीत घाल.’ यात बोगदा हा नियमाच्या पोटात दडलेला असतो. त्याला स्वतःचे असे अस्तित्व नसते. दोनच गावे असतील तोवर हे ठीक चालते. पण एका शाखेच्या पाच शाखा झाल्या, नवे विभाग आले, की दोन्ही टोकांच्या याद्या अक्षरशः जुळवीत बसावे लागते. एका आकड्याचा फरक पडला तरी पत्र जात नाही.

नवी पद्धत दाराची. येथे बोगद्याला फायरवॉलवर एक काल्पनिक दार बसवून देतात. त्याला टनेल इंटरफेस म्हणतात. सिस्कोच्या यंत्रावर त्याचे नाव ‘टनेल’, जुनिपरच्या यंत्रावर ‘एसटी-०’, पण वस्तू एकच. या दाराला स्वतःचा पत्ता देता येतो, त्याच्यासमोर पहारा बसविता येतो, आणि मुख्य म्हणजे ‘या गावाकडे जायचे तर या दारातून जा’ असे वाटाड्याला सांगता येते. कोणते पत्र बोगद्यात जावे हे आता यादी ठरवीत नाही, वाट ठरविते. म्हणून अशा बोगद्याची निवडयादी दोन्ही बाजूंना ‘सर्व पत्ते’ अशी मोकळी ठेवतात आणि निवडीचे काम मार्गकोष्टकावर सोपवितात.

पाटी आणि वाटाड्या

आता वाट सांगायची कशी? पहिला उपाय पाटीचा. किनवटच्या यंत्रावर लिहून ठेवायचे, ‘नांदेडकडे: काचतंतूच्या बोगद्यातून.’ याला स्थिर मार्ग म्हणतात. पाटी स्वस्त आहे, सोपी आहे, आणि तिच्यात एकच दोष आहे. पाटीला डोळे नसतात.

पावसाळ्यात पैनगंगेला पूर आला, हिमायतनगर-भोकरच्या अंगाचा रस्ता एखाद्या ओढ्यावर बंद झाला, तरी किनवटच्या चौकातील पाटी त्याच दिशेला बाण दाखवीत राहते. जाणता चालक मात्र समोरून येणाऱ्या गाडीवाल्याला विचारतो, ‘काय हो, पुढे रस्ता आहे का?’ आणि नाही म्हटल्यावर माहूर-उमरखेड-हदगावच्या अंगाने गाडी वळवितो. वाट लांबची खरी, पण मुक्कामी पोहोचविणारी.

संगणकाच्या जाळ्यातही हेच होते. काचतंतू भोकरजवळ तुटला तरी किनवटच्या खोलीतील यंत्राचा हिरवा दिवा जळतच असतो, कारण यंत्रापासून भिंतीवरच्या पेटीपर्यंतची तार शाबूत असते. पाटीला वाटते, सर्व काही ठीक आहे. पत्रे बोगद्यात शिरत राहतात आणि कोठेच पोहोचत नाहीत. खिडकीपलीकडचा कारकून म्हणतो, लिंक नाही. वास्तविक दुसरी लिंक शेजारीच रिकामी पडलेली असते!

म्हणून शेजाऱ्याला विचारणारा वाटाड्या हवा. यालाच डायनॅमिक राउटिंग, म्हणजे चल मार्गनिश्चिती म्हणतात. दोन्ही टोकांची यंत्रे ठरावीक वेळाने एकमेकांना हाक देतात, आपल्याकडे कोणकोणती गावे आहेत ते सांगतात, आणि हाकेला ओ येईनाशी झाली की ती वाट मेली असे समजून दुसरी धरतात.

अशा रीतींपैकी ओ.एस.पी.एफ. ही एक सर्वत्र प्रचलित आहे. तिची पहिली आवृत्ती १९८९ सालची, आणि आज वापरात असलेल्या दुसऱ्या आवृत्तीचे प्रमाणपत्रक १९९८ सालचे. हिच्या पोटातले गणित मात्र त्याहून जुने आहे. एड्स्खर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जाण्याची सर्वांत जवळची वाट कशी काढावी, हा प्रश्न १९५६ साली ॲमस्टरडॅमच्या एका उपाहारगृहाच्या गच्चीवर बसून वीस मिनिटांत सोडविला आणि १९५९ साली तो प्रसिद्ध केला. योगायोग असा की त्याच १९५६ साली, राज्यपुनर्रचनेत, किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेडला जोडला गेला. किनवटच्या कागदांची वाट त्या वर्षी एका हुकमाने बदलली. आज किनवटच्या पत्रांची वाट हेच गणित हुकमाची वाट न पाहता बदलते.

मांडणी कशी करावी

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. येथे क्रम महत्त्वाचा आहे. पाया न घालता भिंत उचलली की ती पडते.

प्रथम बोगद्याबाहेरची वाट पक्की करावी. नांदेडला दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या आणि दोन सार्वजनिक पत्ते असावेत. उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांतून २०३.०.११३.१० आणि १९८.५१.१००.१० हे दोन घेऊ. किनवटच्या फायरवॉलवर या दोनच पत्त्यांसाठी दोन स्थिर पाट्या लिहाव्यात. पहिल्याकडे काचतंतूने, दुसऱ्याकडे मोबाइलने. पाटीची निंदा करून पुन्हा पाटीच लावायची का, अशी शंका येईल. तिचे उत्तर पुढे दोषांच्या प्रकरणात आहे.

दुसरी गोष्ट, दोन बोगदे उभे करावेत. किल्ली ठरविण्याची रीत आणि गुप्त लिपी दोन्ही टोकांना जुळली पाहिजे. मोबाइल कंपनी ग्राहकाला बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता देत नाही, एका मोठ्या छत्राखाली हजारोंना बसविते. त्यामुळे नांदेडला किनवटचे दार ठोठावता येत नाही. किनवटनेच पहिली हाक दिली पाहिजे. त्यासाठी बाहेरच्या दारावर ५०० आणि ४५०० या क्रमांकांची वाट मोकळी ठेवावी लागते.

तिसरी गोष्ट, दोन्ही दारांना पत्ते द्यावेत. पहिल्या बोगद्यात नांदेड १०.२५५.१.१ आणि किनवट १०.२५५.१.२, दुसऱ्यात १०.२५५.२.१ आणि १०.२५५.२.२. पिशवीला स्वतःचे वजन असते. हमरस्त्यावर एका पाकिटात बहुधा १५०० बाइट मावतात. पिशवीचे कापड, शिवण आणि मोहोर त्यातलेच काही घेतात. म्हणून बोगद्याच्या दारावर मर्यादा १४०० ठेवावी, आणि पत्रव्यवहारातील मजकुराची मर्यादा आणखी ४० ने कमी, म्हणजे १३६०. हे न केल्यास लहान पत्रे जातात आणि मोठी अडकतात. खातेदाराचे नाव पडद्यावर येते, पण उतारा छापायला घेतला की यंत्र गप्प बसते.

चौथी गोष्ट, नाकेदाराला सांगावे. वाटाड्यांची हाक हा स्वतंत्र जातीचा माल आहे. तिचा क्रमांक ८९. बोगद्याच्या दारावर तिला परवानगी नसेल तर दोन्ही वाटाडे एकमेकांसाठी ताटकळत बसतात. दोन्ही बोगद्यांची दारे एकाच विभागात ठेवावीत, म्हणजे एकीकडून गेलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसरीकडून आले तर नाकेदाराने बिचकण्याचा संभव कमी होतो.

पाचवी गोष्ट, वाटाडे नेमावेत. प्रत्येक यंत्राला स्वतःचा ओळखक्रमांक, दोन्ही टोकांना एकच क्षेत्र, आणि जोडणी ‘दोघांतलीच’ आहे असे स्पष्ट सांगणे, एवढे पुरते. वाटेला किंमत लावावी: काचतंतूला १०, मोबाइलला १००. किंमत कमी ती वाट आधी. सामान्यतः दर १० सेकंदांनी हाक जाते आणि ४० सेकंद ओ आली नाही की शेजारी गेला असे धरतात. म्हणजे काचतंतू तुटल्यावर मिनिटभराच्या आत व्यवहार मोबाइलवरून सुरू होतो. शाखेतील संगणकांच्या बाजूला मात्र हाक देऊ नये. तेथील गावाची नोंद सांगावी, पण अनोळखी शेजारी जोडू नये. आणि प्रत्येक हाकेवर परवलीचा शब्द लावावा.

शाखा वाढल्या म्हणजे या कष्टाचे चीज दिसते. नांदेड, किनवट, माहूर, हिमायतनगर, हदगाव आणि इस्लापूर अशी सहा ठिकाणे धरली, तर प्रत्येकाला इतर पाचांची पाटी लागते, म्हणजे ३० पाट्या. दोन वाटा असतील तर ६०. एक गाव वाढले की सर्वत्र खडू घेऊन फिरा! वाटाडे असतील तर नव्या गावी एक वाटाडा नेमावा. बाकीच्यांना तोच कळवितो. शाखा शेकड्यांनी झाल्या तर बी.जी.पी. ही दुसरी रीत अधिक सोयीची पडते, कारण तिच्यात शेजारी नावाने नेमलेला असतो आणि कोणाचे किती ऐकायचे हे बारकाईने ठरविता येते.

नेहमीचे दोष

पहिला दोष मोठा मौजेचा आहे. नांदेडच्या वाटाड्याने भाबडेपणाने सांगितले, ‘माझ्याकडून जगातील सर्व गावांना जाता येते.’ किनवटच्या वाटाड्याने ते खरे मानले. आता नांदेडच्या सार्वजनिक पत्त्याकडे जाण्याची वाटही बोगद्यातूनच! पिशवीच बोगद्यात शिरू लागते. आपल्याच खांद्यावर आपण चढण्याचा हा प्रकार होय. बोगदा कोसळतो, वाट नाहीशी होते, म्हणून बोगदा पुन्हा उभा राहतो, वाट पुन्हा येते आणि तो पुन्हा कोसळतो. दर मिनिटा-दोन मिनिटांनी असा उठबशीचा खेळ दिसला तर कारण हेच असण्याचा संभव फार. पहिल्या पायरीवरील त्या दोन पाट्यांचे प्रयोजन आता ध्यानात येईल. अधिक नेमका पत्ता नेहमी मोघम पत्त्याला जिंकतो, म्हणून त्या पाट्या असल्या की पिशवी बाहेरच्या रस्त्यानेच जाते.

दुसरा दोष एकतर्फी किमतीचा. किनवटने काचतंतू स्वस्त मानला आणि नांदेडने मोबाइल, तर प्रश्न एका वाटेने जातो आणि उत्तर दुसऱ्या वाटेने येते. स्मरणशक्तीचा पक्का नाकेदार म्हणतो, ‘या दारातून मी कोणाला पाठविले नव्हते,’ आणि उत्तर फेकून देतो. किमती दोन्ही टोकांना सारख्याच असाव्यात.

तिसरा दोष मर्यादेचा. एका टोकाला १४०० आणि दुसऱ्या टोकाला १५०० असे असेल तर हाकेला ओ मिळते, पण गावांच्या याद्यांची देवघेव सुरू होताच शेजार अर्ध्यावर अडकतो.

चौथा दोष विश्वासाचा, आणि तो सर्वांत गंभीर. वाटाड्याने जे सांगितले ते सर्व खरे मानू नये. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानच्या दूरसंचार कंपनीने देशांतर्गत यूट्यूब बंद करण्यासाठी त्याच्या पत्त्यांची एक खोटी वाट लिहिली. ती देशाबाहेर पसरली आणि सुमारे दोन तास जगभरची पत्रे त्या अंधाऱ्या गल्लीत शिरत राहिली. ती रीत बी.जी.पी.ची होती, पण धडा सर्वांना लागू आहे. नांदेडने किनवटकडून फक्त किनवटचे पत्ते ऐकावेत, बाकीचे कानाआड करावेत.

याला जोडून आणखी एक. वाट असणे म्हणजे परवानगी असणे नव्हे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. तो दोष बोगद्यांचा नव्हता. पण एकदा आत शिरलेल्याला किती दूर जाता येते हा प्रश्न त्या घटनेने सर्व सहकारी संस्थांपुढे उभा केला. किनवटच्या खिडकीवरील संगणकाला नांदेडच्या खात्यांच्या यंत्राशी बोलावे लागते, तेवढेच त्याला बोलू द्यावे. वाटाडा वाट दाखवील. दार उघडणे हे नाकेदाराचे काम आहे.

दोन तारा, एकच खड्डा

एवढे सर्व नीट केले आणि तरीही दोन्ही वाटा एकदमच बंद पडल्या, तर काय समजावे? मोबाइलचा मनोरा आकाशातून बोलतो असे आपल्याला वाटते. पण मनोऱ्याचे पाय जमिनीवर असतात. मनोऱ्याला पुढे जोडणारा काचतंतू आपल्याच काचतंतूच्या खड्ड्यातून जात असेल, तर एका घावात दोन्ही जातात. मग कागदावर दोन वाटा असतात, प्रत्यक्षात एकच असते. तेव्हा जोडणी घेण्यापूर्वी कंपनीला एक साधा प्रश्न विचारावा: तुमची तार गावाबाहेर कोणत्या अंगाने जाते? आणि वीज गेली तर यंत्राला किती वेळ पुरेल असा बॅटरीचा साठा आहे, हाही त्याच्या जोडीला.

श्रोतेहो, आपणांपैकी फार थोड्यांना फायरवॉल हाताळण्याचा प्रसंग येईल. पण आपण सभासद आहात, खातेदार आहात, कोणी संचालक असाल, कोणी रुग्णालयाच्या वा शाळेच्या समितीवर असाल. वार्षिक सभेत नफ्याची टक्केवारी विचारतो तसे आपण एवढे तरी विचारू शकतो: आपल्या शाखेला वाटा किती, आणि त्या खरोखर वेगळ्या आहेत काय? एक तुटली तर दुसरीवर जायला माणूस लागतो की यंत्र आपण होऊन जाते? त्याला किती सेकंद लागतात? आणि हे शेवटचे कधी करून पाहिले? सुट्टीच्या दिवशी काचतंतू मुद्दाम उपसून, घड्याळ लावून पाहिल्याखेरीज या प्रश्नांना खरे उत्तर मिळत नाही. पहिल्या पावसाने ही परीक्षा घेण्यापूर्वी आपण ती घेतलेली बरी.

गुड्यावरून निघालेल्या त्या म्हातारीला बोगदा, वाटाडा, किंमत यांतले काहीच माहीत असण्याचे कारण नाही. तिला एवढेच ठाऊक असावे की खिडकीशी गेले म्हणजे पैसे मिळतात आणि संध्याकाळच्या गाडीने घरी जाता येते. ज्या दिवशी तारा तुटूनही तिला ते कळणार नाही, त्या दिवशी हे शास्त्र आपल्या तालुक्यात रुजले असे म्हणता येईल.